एकच दंड, दोन न्याय

लस टोचताना सुई दंडाच्या स्नायूत न जाता वर सरकून खांद्याच्या सांध्यालगत शिरली, तर होणारा त्रास दोन-चार दिवसांच्या ठणक्यावर थांबत नाही. महिनोन्महिने हात डोक्यावर जात नाही, फळीवरचा डबा निघत नाही. हातावर पोट असणाऱ्याचा तर रोजगारच बुडतो. असा प्रकार विरळा, पण घडतो. ज्याच्यावर तो ओढवला त्याने दाद कोठे मागावी?

अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने या प्रश्नाचे एक उत्तर दिले. खटल्यांच्या धास्तीने लस-उत्पादक धंद्यातून काढता पाय घेऊ लागले होते. त्यांना संरक्षण मिळाले आणि इजा झालेल्यांसाठी लसींवरील करातून निधी उभा राहिला. लस सर्वांच्या हितासाठी, तर तिच्यामुळे एखाद्यावर कोसळलेला भारही सर्वांनी उचलावा, हे त्यामागील तत्त्व निःसंशय समाजवादी आहे. त्यावर सही रेगन यांची असावी, हा इतिहासाचा विनोद! येथे कोणाचा दोष सिद्ध करावा लागत नाही. सद्हेतूने व वाजवी आधारावर केलेला दावा हरला, तरी वकिलाचे शुल्क निधीतून मिळू शकते. २०१७ साली खांद्याची इजा अधिकृत कोष्टकात आली. वेदना ४८ तासांत सुरू झाली, इतर अटी पुऱ्या झाल्या व त्रास सहा महिन्यांहून अधिक टिकला, की कारण लसीकरणच असे गृहीत धरले जाऊ लागले.

मात्र कोविडची लस आली तेव्हा हे तत्त्व गुंडाळून ठेवण्यात आले. २००५ च्या आणीबाणीविषयक कायद्याखाली तिची वाट वेगळी काढली गेली: अर्ज एका वर्षाच्या आत, वकिलाचा खर्च नाही, सोसलेल्या वेदनेबद्दल एक छदामही नाही, आणि निर्णय देणार न्यायालय नव्हे, सरकारी खाते. त्याच परिचारिकेने त्याच दंडात इन्फ्लुएन्झाची लस टोचली तर न्यायासनाचे दार, कोविडची टोचली तर कचेरीची खिडकी!

त्याहून बोलका प्रकार जुलै २०२० मधला. ही इजा लसीची नसून टोचण्याच्या चुकीची आहे, या युक्तिवादावर सरकारने ती कोष्टकातून वगळण्याचा प्रस्ताव मांडला. म्हणजे जखमी कामगाराने, रांगेतल्या माणसांना भराभर टोचणाऱ्या दुसऱ्या कामगारावर दावा लावावा. निधी व कारखानदार दोघेही नामानिराळे! जानेवारी २०२१ मध्ये तसा नियम प्रसिद्धही झाला. एप्रिलमध्ये नव्या सरकारने तो रद्द केला. कोविडच्या लसीला १९८६ च्या कायद्याखाली आणण्याचे काम मात्र त्या सरकारनेही केले नाही.