बॉक्सवरचे १८० किलो

मागच्या महिन्यात ॲडव्हेंचर क्लबच्या मीटिंगमध्ये एकाच विषयावर दीड तास भांडण झालं. जमलेल्या बावीस हजारांत फुगवायची कयाक घ्यायची, आणि दर हिवाळ्यात मालवणला स्कूबासाठी न्यायची, हा ठराव. बाजूने एकवीस, विरोधात मी एकटा. त्यात क्लबचा खजिनदारही मीच, त्यामुळे "पैसे काय तुझ्या बापाचे आहेत का?" हेही ऐकून झालं. तिथे आरडाओरड्यात नीट बोलता आलं नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. फुगवायची कयाकच घ्यायची, याला माझा विरोध नाही. साडेतीन-चार मीटरची टणक कयाक हॉस्टेलमध्ये ठेवणार कुठे? रेक्टर सरांच्या स्कूटरवर? फुगवायची असेल तर घडी करून कॉटखाली जाते, जनरल डब्यातून कुडाळला उतरते आणि तिथून एसटीने मालवण गाठते. सिलिंडर आणि शिसं तिथेच भाड्याने मिळतं. प्रश्न आहे तो कोणती घ्यायची याचा.

सगळ्यांनी पसंत केलेल्या कयाकच्या बॉक्सवर लिहिलंय : दोन माणसं, १८० किलो. आता हिशोब करू. मी ७२, रूममेट ६८ (मेसचं जेवूनसुद्धा!). ॲल्युमिनियमचा ११ लिटरचा सिलिंडर रिकामाच १४ किलोंचा. २०० बारला भरला की आतल्या हवेचेच अडीच किलो होतात, हे पुष्कळांना खरं वाटत नाही. जॅकेट आणि रेग्युलेटर मिळून साडेपाच, कमरेचं शिसं चार, फिन्स-मास्क वगैरे दोन. म्हणजे एकाचं सामान २८ किलो, दोघांचं ५६. नांगर, वल्ही, पिण्याचं पाणी धरा सहा. एकूण २०२. झालं! पाण्यात उतरायच्या आधीच नापास, ग्रेसला पण वाव नाही.

पण हा हिशोब चुकला तरी परवडतं. नुसत्या जास्त वजनाने कयाक लगेच बुडत नाही, फक्त पाण्यात खोल बसते आणि वल्हवायला जड जाते. त्या बॉक्सवर जे लिहिलेलंच नसतं, त्याचा अनुभव आम्ही जानेवारीत घेतला.

एका सिनियरकडून अशीच कयाक उसनी आणली होती. आम्ही दोघेही ओपन वॉटर सर्टिफाइड, आमचे प्रशिक्षक माझ्या मामाच्या होडीत बसून लक्ष ठेवून. मामा मालवणचा, आयुष्य मासेमारीत गेलेलं. कयाक बघितल्या बघितल्या तो म्हणाला, "झिला, ही होडी नाय, फुगो आसा!" आम्ही हसलो. सकाळी आठला सहा मीटर पाण्यात नांगर टाकला आणि खाली गेलो. पंचवीस मिनिटांनी वर येऊन बघतो तर कयाक नाही! पार पश्चिमेला, निवांत चाललेली.

शाळेच्या भूगोलातले खारे वारे आणि मतलई वारे आठवतात? रात्रभर जमीन गार होते आणि सकाळपर्यंत वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. डायव्हिंगसाठी पाणी शांत असतं तेही नेमकं याच वेळी. परीक्षेला दोन मार्कांसाठी पाठ केलेली गोष्ट आम्ही समुद्रात विसरलो. फुगवलेली रिकामी कयाक पाण्यात जेमतेम चार बोटं बुडते, बाकी सगळी वाऱ्याच्या तोंडी. आणि आमचा दोर होता आठ मीटर! सहा मीटर पाण्यात आठ मीटर दोर म्हणजे नांगर जवळजवळ उभाच ओढला जाणार. मग तो वाळू कशी धरणार? दोर खोलीच्या निदान तिप्पट तरी हवा. (आणि नांगर वाळूतच टाकायचा, प्रवाळावर नाही. तिथलं प्रवाळ कायद्याने संरक्षित आहे, आणि कायदा नसता तरी ते आपल्या बापाचं नाही.)

मामाने कयाक आणून दिली. खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली. जॅकेट फुगवून दोराला अडकवलं, शिशाचा पट्टा वर ठेवला, सगळं शिकवल्याप्रमाणे. आता पाय मारत कडेवर पोट टाकायचं आणि आत लोळायचं. रूममेटने भार टाकला की कडेची नळी त्याच्या छातीखाली घडी होऊन दबायची आणि पाणी धो धो आत. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच. चौथ्या वेळी त्याचे हात थरथरायला लागले आणि तो काहीच बोलेना. रात्रभर बडबड करून मला झोपू न देणारा प्राणी गप्प झाला, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. प्रशिक्षकांनी त्याला सरळ होडीत ओढून घेतलं. होडी नसती तर? हा प्रश्न मी मीटिंगमध्ये विचारला, तेव्हा मागून कोणीतरी "फट्टू" म्हणालं. असो.

परत आल्यावर मी वही काढली. कयाक आम्ही तापलेल्या वाळूवर फुगवून तीन पीएसआयला बंद केली होती. आतली हवा ५७ अंशांवर गेली असं समजा. मग ती २७ अंशांच्या पाण्यात टाकली. गेज दाब नाही, ॲब्सोल्यूट दाब घ्यायचा, इथेच वायव्हाला निम्मे जण अडकतात! १४.७ अधिक ३, म्हणजे १७.७. तापमान ३३० केल्विनवरून ३०० वर. नवा दाब १६.१, म्हणजे गेजवर उरले १.४. निम्म्याहून कमी! फुगवलेल्या नळीला सुरकुती पडायला लागते तो बेंडिंग मोमेंट दाबाच्या सरळ प्रमाणात असतो. म्हणजे कयाकची ताकदही निम्म्याहून खाली, आणि तीही अशा वेळी की जेव्हा दमलेला माणूस कडेला लोंबकळतोय. उपाय अगदी साधा : पाण्यात टाकून दहा मिनिटांनी पुन्हा पंप मारायचा आणि उन्हात ओढून ठेवली की थोडी हवा सोडायची. आम्हाला माहीत नव्हता, एवढंच.

पण पंपाने सगळं सुटत नाही. ही कयाक टबासारखी आहे. दोन मीटर वीस लांब आणि पंचेचाळीस सेंटिमीटर रुंद अशा त्या टबात पंधरा सेंटिमीटर पाणी भरलं तर सुमारे दीडशे किलो होतात, आणि ते हलतं वजन; जिकडे कलाल तिकडे धावणारं. म्हणून आपल्याला लागते उघड्या डेकची. तिच्या तळाला भोकं असतात, आलेलं पाणी आपोआप निघून जातं. तळ ड्रॉप-स्टिच हवा : वरच्या-खालच्या थरांना हजारो धाग्यांनी शिवलेला, त्यामुळे आठ-दहा पीएसआय भरले तरी फुग्यासारखा गोल न होता फळीसारखा सपाट राहतो. त्यावर सिलिंडर मधोमध आडवा बांधता येतो. निरनिराळे कप्पे तर हवेतच. मालवणच्या खडकांवरची कालवं ब्लेडसारखी असतात. एक कप्पा गेला तरी उरलेल्यांवर किनारा गाठता आला पाहिजे. रुंदी नव्वद सेंटिमीटरच्या आसपास. रंग भडक असावा. दिसणं महत्त्वाचं, फोटो नव्हे.

आणि माझी सगळ्यात नावडती अट : कयाक कधीही रिकामी सोडायची नाही. खाली दोघे जाणारच, एकट्याने डायव्ह करायचं नाही हा पहिला धडा. म्हणजे वर तिसरा बसणार. तीन माणसं, दोघांचं सामान म्हणजे २७० किलोंच्या आसपास. तेव्हा निदान साडेतीनशे किलोंची, चार मीटरच्या पुढची कयाक हवी. ती बावीस हजारांत येत नाही, हे मलाही कळतं.

"नसण्यापेक्षा असलेली बरी" हा मीटिंगमधला सगळ्यात टाळ्या घेणारा मुद्दा होता. पानशेतच्या पाण्यात लाइफ जॅकेट घालून वल्हवायला न्यायची असेल तर मान्य, ती कयाक त्या कामाला छानच आहे. पण एकदा कॉटखाली आली की ती मालवणला जाणारच. आपण इंजिनियर, असलेली वस्तू वापरल्याशिवाय आपल्याला झोप येत नाही.

माझा प्रस्ताव असा : यंदाच्या हिवाळ्यात मामाची होडी ठरवू. तो भाच्याला घासाघीस करू देतो. उरलेले पैसे तसेच ठेवू, त्यात पुढच्या गॅदरिंगच्या भेळेच्या स्टॉलची भर घालू आणि मग मोठी घेऊ. घेतली की आधी कॉलेजच्या स्विमिंग पूलमध्ये प्रत्येकाने, दमेपर्यंत पोहून झाल्यावर, कोणाच्याही मदतीशिवाय तीन वेळा तिच्यात चढून दाखवायचं. ज्याला जमणार नाही तो त्या ट्रिपला तिसरा, वर बसणारा. यात मीही आलो; मला जमेल याची खात्री नाही.

चेकबुक माझ्याकडे आहे, दुसरी सही जिमखान्याच्या सरांची लागते. पुढची मीटिंग सबमिशन संपल्यावरच्या शनिवारी, संध्याकाळी सहाला, रीडिंग रूमच्या मागे. रूममेट येणार आहे. त्याने अजून कुठल्या बाजूने हात वर करायचा ते सांगितलेलं नाही.