चर्चासत्र लिंबागणेशलाही भरू द्या
बीड तालुक्यातल्या लिंबागणेशला लोक भालचंद्र गणपतीच्या दर्शनाला येतात. विद्यापीठानेही यावे. मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली स्थापन झाले. पण इतक्या वर्षांनंतरही दुष्काळ, ऊसतोड, स्थलांतर यांवरची चर्चासत्रे बहुधा शहरी सभागृहांतच भरतात. ज्यांच्या जगण्यावर शोधनिबंध वाचले जातात, ते श्रोत्यांत नसतातच.

हे बदलायलाच हवे.

पुण्यात न्या. रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला आजही सर्वांसाठी खुली आहे. तसेच इथे शाळेच्या पटांगणात भूजलाच्या अभ्यासकाने विहिरींच्या पातळीचा नकाशा भिंतीवर लावावा, मराठीत समजावून सांगावा. तारीख मात्र दसऱ्याआधीची धरावी. नंतर ऊसतोड मजुरांच्या जोड्या बिऱ्हाड गाडीत घालून कारखान्यांकडे निघतात. आणि निम्मा वेळ गावकऱ्यांच्या प्रश्नांसाठी राखून ठेवावा.