दप्तराचा जाब एकट्या मुलाला विचारू नका

गृहपाठ केला होता, पण वही घरी राहिली. वही आणली, पण उत्तरं दुसऱ्याच विषयाच्या वहीत लिहिली होती. योग्य वहीत लिहिली, तर वह्या गोळा करताना ती द्यायचीच राहिली. एडीएचडी असलेल्या मुलांच्या घरी हे रोज घडतं. प्रगतिपुस्तकावरचा शेराही ठरलेला असतो: ‘हुशार आहे, पण निष्काळजी.’ हा शेरा चुकीचा आहे, आणि त्यातून निघणारी शिक्षा त्याहून चुकीची.

आक्षेप घेणारे विचारतात, क्रिकेटचे आकडे तोंडपाठ असतात, मोबाइलवरून मान वर होत नाही, मग अभ्यासातच लक्ष कसं नसतं? मनावर घेत नाही, दुसरं काय! पण एडीएचडीत लक्ष नसतं असं नव्हेच. ते कुठे लावायचं आणि कधी काढून घ्यायचं, यावरचा ताबा कमी असतो. जे रंजक आहे, ज्याचं फळ लगेच मिळतं, तिथे हा ताबा फारसा लागत नाही. शुक्रवारी द्यायचा नकाशा मंगळवारी लक्षात ठेवायला मात्र लागतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांचा 2007 मधला अभ्यास इथे आठवावा. इतर मुलांत मेंदूच्या बाह्यस्तराची जाडी सरासरी साडेसातव्या वर्षाच्या सुमारास कमाल होते, तर एडीएचडी असलेल्या मुलांत साडेदहाव्या. हा उशीर सर्वाधिक दिसला तो नियोजन सांभाळणाऱ्या पुढच्या भागात. सरासरीवरून एकेका मुलाचं माप काढता येत नाही, हे खरं. पण पाचवीतल्या अशा मुलाकडून वयाबरहुकूम टापटीप मागताना आपण काय मागतो आहोत, याचा विचार तरी व्हावा.

‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ हेही खरं नाही. लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने 1902 मध्येच अशा मुलांचं वर्णन केलं होतं. आपल्याकडे त्यांना उनाड म्हणत. खिडकीबाहेर बघत गप्प बसणाऱ्या मुली तर आजही कुणाच्या लक्षात येत नाहीत.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. इतकी मदत केली तर मूल पांगळं होईल, कधीतरी स्वतःचं स्वतः करायला नको का? हवंच. पण रसेल बार्कले हे मानसशास्त्रज्ञ अनेक वर्षं सांगत आले आहेत, की या मुलांची अडचण काय करायचं ते माहीत नसण्याची नाही. माहीत असलेलं वेळेवर हातून न घडण्याची आहे. म्हणून उपदेश वाया जातो, नवी कोरी डायरी आठवड्यात हरवते. मदत पोचायला हवी ती काम घडतं त्या जागी आणि त्या क्षणी. शिक्षकांचं वेळापत्रकही स्टाफरूमच्या भिंतीवर लावलेलं असतं. त्याने कुणी पांगळं झालेलं नाही.

तो क्षण कोणता, ते शाळा सुटताना बघा. शेवटच्या तासाची पाच मिनिटं उरलेली. फळ्यावर घाईघाईत तीन विषयांचा गृहपाठ. बाकांचा खडखडाट, बाहेर रिक्षावाल्या काकांचा हॉर्न. ऐकायचं, उतरवायचं, कुठली पुस्तकं न्यायची ते ठरवायचं आणि दप्तर भरायचं, हे सगळं एकदम. या मुलांची तात्पुरती स्मृती जिथे सर्वांत आधी कोलमडते, नेमकी तिथेच आपण दिवसातली सर्वांत अवघड परीक्षा ठेवली आहे. गृहपाठ तासाच्या सुरुवातीला फळ्याच्या एकाच कोपऱ्यात लिहिला, तर साठ मुलांच्या वर्गातही जादा वेळ जात नाही. पूर्ण झालेलं सगळं एकाच रंगीत फोल्डरमध्ये जावं, मग विषय कुठलाही असो. वही मागितल्यावर देण्याऐवजी वर्गात शिरताच पेटीत टाकायची. प्रकल्पाला एकच अंतिम तारीख नको, टप्प्याटप्प्याच्या तारखा हव्यात. पुस्तक शाळेत राहिलं, तर बालभारतीची पीडीएफ मोफत मिळते. त्यासाठी मुलाला रात्री रडवू नये. औषधाचा निर्णय डॉक्टर आणि पालकांचा. त्याने लक्ष टिकायला मदत होते, पण गोळी दप्तर भरत नाही. ती सवय वेगळी लावावी लागते.

कायद्याचा आधार इथे तोकडा आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडीचं स्वतंत्र नाव नाही. पण फळ्याचा कोपरा राखून ठेवायला कुठलं प्रमाणपत्र लागतं?

मुख्याध्यापकांना आणि वर्गशिक्षकांना माझी विनंती आहे: नवं वर्ष सुरू होताना पहिल्याच आठवड्यात हा कोपरा, ही पेटी आणि हे फोल्डर अख्ख्या वर्गासाठी सुरू करा, कुणा एका मुलाचं नाव न घेता. आणि ‘निष्काळजी’ हा शेरा लिहिण्याआधी त्या मुलाला शाळा सुटताना दोन मिनिटं थांबवून त्याच्याबरोबर दप्तर भरा.