टेबलावरचं माणूस नेहमी दुसऱ्याचंच का?

बऱ्याच दिवसांनी लिहितेय आणि जरा चिडूनच लिहितेय. घरातली मंडळी इथे अधूनमधून डोकावतात हे मला ठाऊक आहे. लिहून कुणी काही कळवत नाही, पण लग्नाकार्यात भेटली की "वाचलं हो तुझं" म्हणतात. तर आजचं हे मुख्यतः त्यांच्यासाठी. बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही, घरोघरी मातीच्याच चुली.

नानांनी २००३ साली देहदानाचा फॉर्म भरला होता. त्याचं कार्ड लॅमिनेट करून पाकिटात ठेवलं होतं. आल्यागेल्याला कौतुकाने दाखवायचे. गेल्या वर्षी नाना गेले. घरीच, झोपेत, वयाच्या ८४व्या वर्षी, कसलाही आजार न होता. देहदानासाठी याहून सोपी परिस्थिती असू शकत नाही. मी पाकिटातून ते कार्ड काढलं आणि मग सुरू झालं..

मोठे काका म्हणाले, "आपल्यात असं करत नाहीत." आत्या म्हणाली, "अग्नी दिल्याशिवाय गती कशी मिळेल?" दादा म्हणाला, "अगं, आता थ्रीडी टेबलं आली आहेत. स्क्रीनवर सगळं शिकवतात. उगाच नानांची विटंबना कशाला?" सकाळी साडेसातला आम्ही वैकुंठात होतो. कार्ड माझ्या पर्समध्येच राहिलं. घरात डॉक्टर मी एकटी, आणि मी गप्प बसले. राग आहे तो आधी माझ्यावर, मग तुमच्यावर.

त्या रात्री जे बोलायला हवं होतं ते आता बोलते.

मी १९९४ साली मेडिकलला गेले. तेव्हा पहिलं एमबीबीएस दीड वर्षाचं असे (१९९७ नंतर ते एक वर्षाचं झालं). डिसेक्शन हॉलमध्ये फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरायचे. कनिंगहॅमची मॅन्युअल स्टुलावर उघडी ठेवून एकजण वाचायचा आणि बाकीचे सोडवत जायचे. आमच्या टेबलाला आम्ही बाराजण आणि तेरावा तो. पन्नाशीचा असावा. तळपाय इतके राठ की कातडी सोलताना ब्लेड बोथट झालं. डाव्या हातावर एका बाईचं नाव गोंदलेलं, वेलांटी चुकलेली. रजिस्टरमध्ये तो 'बेवारस' होता. पण ज्याने कुणाचं तरी नाव हातावर गोंदून घेतलं, तो जन्मभर बेवारस कसा असेल? त्याचं माणूस वेळेत पोचलं नाही एवढंच. किंवा पोचायला पैसे नव्हते. किंवा त्याला कळलंच नाही.

त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्याने फॉर्म भरला नव्हता. तरी तो आम्हाला वर्षभर शिकवत राहिला.

ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. १८२८ मध्ये एडिंबरोत बर्क आणि हेअर या दोघांनी सोळा जणांना मारून त्यांची प्रेतं अ‍ॅनाटॉमीच्या मास्तरला विकली, कारण मागणी प्रचंड आणि कायदेशीर पुरवठा अगदी तुटपुंजा. मग १८३२ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा केला. त्यात वर्कहाउसात, इस्पितळात मेलेले, कुणी न्यायला न आलेले गरीब लोक टेबलासाठी मोकळे झाले. आपला १९४९ चा बॉम्बे अ‍ॅनाटॉमी अ‍ॅक्ट त्याच वळणाचा. ठरलेल्या मुदतीत जवळच्या नातेवाइकांनी नेला नाही तर देह कॉलेजला देता येतो. मेडिकलच्या मुलांचं बायबल असलेलं 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी' १८५८ मध्ये निघालं, तेही लंडनच्या अशाच गरिबांच्या देहांवर. त्यातली चित्रं ज्याने काढली तो हेन्री कार्टर त्याच वर्षी मुंबईला आला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात अ‍ॅनाटॉमी शिकवू लागला. पुस्तकावर ग्रेचं नाव कोरलं गेलं, कार्टर निदान चित्रांतून उरला. ज्यांच्यावरून ती चित्रं काढली, त्यांचं नाव कुठेच नाही.

म्हणजे दोनशे वर्षांचा हिशोब असा की शिकायचं पांढरपेशांनी, औषध-ऑपरेशनचा फायदाही आधी पांढरपेशांनी घ्यायचा आणि टेबलावर झोपायचं मात्र ज्याला घरदार नाही त्याने. काका, तुमचं बायपास झालं. आत्या, तुझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्या सर्जनचे हात कुणावर तयार झाले? "आपल्यात असं करत नाहीत" याचा अर्थ "त्यांच्यात करा" एवढाच होतो. माझ्या लेखी विटंबना म्हणतात ती हीच.

आता गतीचं. आत्या, तू रोज पोथी वाचतेस म्हणून सांगते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, पाचव्या अध्यायात, प्रेत कसं तपासावं ते सविस्तर दिलंय. अवयव धड असलेला, विषाने किंवा दीर्घ आजाराने न मेलेला देह घ्यावा, मुंज वगैरे गवतात गुंडाळून पिंजऱ्यात घालून संथ वाहत्या पाण्यात ठेवावा, सात रात्रींनी बाहेर काढून वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंचल्याने हळूहळू घासत एकेक थर डोळ्यांनी पाहावा. नुसतं शास्त्र वाचून भागत नाही, प्रत्यक्षही पाहिलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. १८३६ मध्ये कलकत्त्याला ज्यांनी प्रेताला सुरी लावली ते मधुसूदन गुप्त आयुर्वेदाचे पंडित होते. देवांना हाडं देणारा दधीची ऋषी तर तुझ्याच पोथीतला. आणि देह हाती नसेल तर पालाशविधी करतात, ही सोय शास्त्रानेच करून ठेवलीय. दहावं, तेरावं काहीच अडत नाही.

हा नास्तिकांचाच प्रांत आहे असंही समजू नका. २०१० च्या जानेवारीत ज्योती बसू गेले, फेब्रुवारीत नानाजी देशमुख. एक कम्युनिस्ट, एक संघाचे. जन्मभरात एकाही मुद्द्यावर पटलं नसतं, पण दोघांनीही देह मेडिकलच्या मुलांसाठी ठेवला.

राहिला दादाचा स्क्रीन. दादा, तू इंजिनिअर आहेस म्हणून तुला एक प्रयोग देते. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकव आणि मनगट किंचित आत वाकव. मधोमध एक दोरीसारखा स्नायुबंध उठेल. आता वहिनीला करायला सांग. कदाचित तिला तो नसेलच, किंवा एका हाताला असेल आणि दुसऱ्याला नाही. दोघंही ठणठणीत. पुस्तकात एकच माणूस असतो, स्क्रीनवरही बहुतेक वेळा तोच तो. पित्ताशयाची रक्तवाहिनी अमुक ठिकाणाहून निघते असं आम्ही घोकलं होतं. आमच्या टेबलावर ती वेगळीकडून निघाली, शेजारच्या टेबलावर आणखी तिसरीकडून. पित्ताशय काढताना ही गोष्ट ठाऊक नसली की काय होतं ते मी सांगायला नको. शिवाय नस आणि रक्तवाहिनी चित्रात पिवळी-लाल असते. खऱ्या माणसात सगळं मातकट. चरबी बाजूला करत बोटांनी चाचपत ओळखावं लागतं. बोटांची ही ओळख काचेवर होत नाही. उजळणीला ती टेबलं छान आहेत, नाही कोण म्हणतं? पण २०२० मध्ये करोनामुळे पहिल्या वर्षाची मुलं घरी बसून स्क्रीनवर अ‍ॅनाटॉमी शिकली, तेव्हा शिकवणाऱ्यांचा जीव किती तुटला ते माझ्या मैत्रिणींकडून ऐकलंय.

विटंबनेच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते कबूल करते. आमच्या वेळी हॉलमध्ये आचरट विनोद व्हायचे. त्या माणसाला आम्ही एक टोपणनावही ठेवलं होतं. भीती लपवायला असेल, पण लाज वाटावी असंच ते होतं. २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमात कॅडॅव्हर हा आपला पहिला गुरू, यावर वेगळा पाठच आहे. बऱ्याच ठिकाणी मुलं सुरुवातीला हात जोडून शपथ घेतात आणि शिकणं संपलं की अवशेषांना रीतसर निरोप दिला जातो. आणि खरं सांगू? मुलांना आदर शिकवायचा सगळ्यात चांगला उपाय म्हणजे टेबलावर असं माणूस असणं, जे आपणहून आलंय. नाना शाळामास्तर होते. त्यांना एक शेवटचा वर्ग हवा होता. तो आपण त्यांना घेऊ दिला नाही.

असो. झालं ते झालं. आता पुढचं नीट वाचा, कारण आईनेही फॉर्म भरलाय.

कार्ड फ्रीजवर चिकटवलंय, कॉलेजच्या अ‍ॅनाटॉमी विभागाचा फोन त्यावरच आहे. वेळ आली की आधी डॉक्टरकडून मृत्यूचा दाखला घ्यायचा. मग नेत्रपेढीला फोन, कारण डोळे काही तासांतच काढावे लागतात आणि डोळे देऊनही देहदान करता येतं. मग कॉलेजला फोन. पोस्टमॉर्टेम झालं किंवा काही संसर्गाचा आजार निघाला तर कॉलेज नाही म्हणेल. तसं झालं तरच वैकुंठ. नुसता फॉर्म असून भागत नाही, शेवटी देह द्यायचा असतो तो घरच्यांनीच, हे आपण नानांच्या वेळी दाखवून दिलंच आहे. त्या रात्री बैठक बसणार नाही. ज्याला जे बोलायचं असेल त्याने आत्ता, आई जिवंत असताना, तिच्या तोंडावर बोलावं.

हे सगळं आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बरोबर आहे. फक्त मला नवी साडी नेसवू नका, फुकट जाईल."

माझाही फॉर्म समोर ठेवलाय. साक्षीदाराची एक सही राहिलीय, ती जवळच्या नातेवाइकाची असलेली बरी. दादा, रविवारी येतोयस ना? पेन मी आणते.