ही चोरी कीं परतफेड ?

रशियांतील कॅथॉलिक मिशनवर ‘दुसऱ्याच्या कळपांतील मेंढरें पळविल्याचा’ आरोप होत आला आहे. २००२ सालीं पोपनीं तेथील चार प्रशासनक्षेत्रांस धर्मप्रांतांचा दर्जा दिला, तेव्हां मॉस्कोच्या ऑर्थोडॉक्स धर्मपीठानें कडाडून निषेध केला. त्याच वर्षीं इर्कुत्स्कचे बिशप येझी मझुर यांस देशांत परत येऊं दिलें गेलें नाहीं. आक्षेपकांस आमचा सवाल इतकाच कीं, सैबेरियांत आणि कझाकस्तानांत हे कॅथॉलिक आले कोठून ? १९३६ सालीं युक्रेनमधील पोल व १९४१ सालीं व्होल्गाकांठचे जर्मन, ज्यांत कॅथॉलिक पुष्कळ होते, यांस स्टालिनच्याच राजवटीनें तिकडे हद्दपार केलें ना ? त्यांच्या नातवंडांकरितां धर्मगुरु धाडणें ही चोरी कशी ? चोरी झाली ती १९३८ सालीं, मॉस्कोंतील कॅथीड्रल बंद पाडलें तेव्हां. १९९९ सालीं तें पुन्हां अभिमंत्रित झालें, ही केवळ परतफेड होय.

मिशनऱ्यांनींहि एवढें ओळखावें कीं, परदेशच्या पैशानें भिंती उभ्या राहतात, मंडळी नव्हे. परंतु ज्या ऑर्थोडॉक्स धर्मपीठानें तोच छळ सोसला, त्यानेंच सहपीडितांस परके म्हणावें, यापरता दैवदुर्विलास कोणता ?