सेवा एकच, उपचार मात्र रँकप्रमाणे

आपल्यापैकी अनेकांच्या घरात पहिली पदवी आली ती फौजेच्या पेन्शनवर. आजोबा किंवा वडील शिपाई म्हणून भरती झाले, नायक किंवा हवालदार होऊन घरी आले आणि दर महिन्याच्या ठरलेल्या रकमेतून कुणाची तरी फी भरली गेली. माझे वडील हवालदार म्हणून निवृत्त झाले. मी शिकलो, नोकरीसाठी चेन्नईला आलो आणि वय झालं तसे तेही माझ्याकडे आले. सोबत आलं ईसीएचएसचं कार्ड. माजी सैनिकांच्या आरोग्यावर सरकार किती आणि कसा खर्च करतं, हा म्हणूनच आपल्या घरखर्चाचा प्रश्न आहे.

ही योजना १ एप्रिल २००३ ला सुरू झाली. पेन्शनधारक माजी सैनिकाने एकदाच वर्गणी भरायची. मग त्याला आणि त्याच्या अवलंबितांना पॉलिक्लिनिकमध्ये तपासणी आणि औषधं मिळतात. गरज पडल्यास तिथून चिठ्ठी घेऊन पॅनेलवरच्या खासगी हॉस्पिटलात कॅशलेस उपचार होतात. केंद्रीय अर्थसंकल्पात योजनेसाठी २०२४-२५ मध्ये ६,९६८ कोटी आणि २०२५-२६ मध्ये ८,३१७ कोटी रुपये ठेवले गेले. तरतूद वाढते आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. पण तो पैसा कुणापर्यंत कसा पोचतो, हेही बघायला हवं.

चेन्नईत फौज जुनी आहे. फोर्ट सेंट जॉर्ज, सेंट थॉमस माउंटचं लष्करी रुग्णालय, तांबरमचा हवाई दलाचा तळ. पॉलिक्लिनिकच्या बाकावर तमिळ, तेलुगू, मल्याळी आणि आमच्यासारखी मराठी माणसं शेजारी बसतात. इथे जात कुणी विचारत नाही. रँक मात्र कार्डावरच असते आणि हॉस्पिटलातली खाट तीच ठरवते. हवालदारापर्यंत जनरल वॉर्ड, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर सेमी-प्रायव्हेट, अधिकाऱ्याला प्रायव्हेट खोली.

अधिकारी जास्त वर्गणी भरतात, असं यावर उत्तर मिळतं. २०१७ च्या अखेरीस ठरलेल्या दरांनुसार हवालदारापर्यंत ३०,००० आणि अधिकाऱ्यांना १,२०,००० रुपये वर्गणी आहे, हे खरं. पण १ जानेवारी १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना वर्गणीच माफ आहे आणि वॉर्ड मात्र त्यांचाही रँकप्रमाणेच. म्हणजे वर्गणी हे कारण नव्हे. बराकीतली उतरंड निवृत्तीनंतर आजारपणातही सोबत येते, एवढंच. फौजेच्या भरतीत अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण नाही आणि कोणत्या रँकवर कोणत्या समाजाचे किती जण आहेत याची आकडेवारी सरकार जाहीर करत नाही. मग ही उतरंड जातीशी किती जुळते, हे तपासायचं कसं?

दुसरा प्रश्न थकलेल्या बिलांचा. कॅगने २०१५ साली या योजनेवर स्वतंत्र अहवाल दिला, त्यातही बिलांच्या विलंबावर बोट ठेवलं होतं. सरकारकडून पैसे अडकले की हॉस्पिटलं हात आखडतात, 'आधी भरा, नंतर परत मिळवा' असं सांगतात. असं आम्हालाही एकदा ऐकावं लागलं. कर्नलच्या घरात दोन-तीन लाख तात्पुरते उभे राहू शकतात. नायकाच्या घरात त्यासाठी दागिने गहाण पडतात किंवा मुलाचं पुढचं शिक्षण थांबतं. बिल सगळ्यांचंच थकतं, पण त्याचा भार खालच्या रँकला जास्त सोसावा लागतो.

याची किंमत आपल्या चळवळीला ठाऊक आहे. दापोलीचे गोपाळबाबा वलंगकर निवृत्त हवालदार होते आणि बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार होते. फौजेची शाळा, पगार आणि पेन्शन यांनी त्या पिढीला गावगाड्याबाहेर उभं राहण्याची जागा दिली. १८९० च्या दशकात महारांची भरती बंद झाली तेव्हा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. मद्रास आर्मीतही परैयर शिपाई होते, आणि 'लढाऊ जाती'च्या सिद्धांताने दक्षिणेतल्या भरतीवरही गदा आणली. बाबासाहेबांनी पाठपुरावा केला आणि १९४१ मध्ये बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. त्या मागणीत शौर्याचा मान होता, तसा स्थिर रोजगाराचा हक्कही होता.

तो हक्क आता दुसऱ्या वाटेने आक्रसतो आहे. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षं सेवा, त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के कायम. बाकीच्यांना सुमारे ११.७१ लाखांचा सेवा निधी मिळेल. पेन्शन, ग्रॅच्युइटी, माजी सैनिकाचा दर्जा आणि ईसीएचएस मात्र नाही. सेवेमुळे अपंगत्व आलं तर ठरलेली एकरकमी भरपाई आहे. पण गुडघा किंवा कान दहा वर्षांनी त्रास देऊ लागला, तर जायचं कुठे? पहिली तुकडी २०२६-२७ मध्ये बाहेर पडेल. त्यात आपल्याच वस्त्यांतली मुलं असतील.

पेन्शन नसलेल्या माजी सैनिकाचं काय होतं, हे आजही दिसतं. ६५ वर्षांवरील निराधारांना मिळणारी मदत नोव्हेंबर २०२५ पासून महिना ४,००० वरून ८,००० रुपये झाली. ती येते ध्वजदिन निधीतून. म्हणजे ७ डिसेंबरला, महापरिनिर्वाण दिनाच्या दुसऱ्या दिवशी, लोक जी देणगी देतात त्यातून. पेन्शनधारकाचा उपचार अर्थसंकल्पातून आणि बिनपेन्शनवाल्याची म्हातारपणाची मदत देणगीतून, हा फरक आपण मान्य करता कामा नये. ज्याने गणवेश घातला त्याचा उपचार दानावर सोडता येत नाही.

म्हणून मागण्या सरळ आहेत. सेवेचा काळ कितीही असो, अग्निवीरांना आरोग्य योजनेत घ्या. हॉस्पिटलांची बिलं ठरलेल्या मुदतीत भरा. सर्व रँकसाठी एकाच दर्जाचा वॉर्ड ठेवा. लाभार्थ्यांची समाजनिहाय आकडेवारी जाहीर करा. फॉर्म आणि सूचना तमिळ, मराठी अशा भाषांतही द्या, कारण हवालदाराच्या विधवेला इंग्रजी पोर्टल वाचता येत नाही.

तोवर आपणही एक काम करायला हवं. घरातलं कार्ड काढा, अवलंबितांची नावं तपासा. पॅनेलबाहेरच्या हॉस्पिटलात तातडीने न्यावं लागलं तर ४८ तासांत पॉलिक्लिनिकला कळवायचं असतं, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. आणि बिल नाकारलं गेलं तर लेखी कारण मागा. अर्ज लिहिणारे आपल्याकडे वलंगकरांपासून आहेत.