सोनं निघालं का?

कुठं काही खणलं म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला, "सोनं निघालं का?" माझं स्पष्ट मत आहे, आपल्या इतिहासाचं जेवढं नुकसान या प्रश्नानं केलंय तेवढं पावसापाण्यानंही केलेलं नाही. काका-मामा मंडळींना झोंबेल, पण बोलतोच.

रोममध्ये चौथ्या शतकात काचेत सोनं घातलेले पेले बनत. काचेवर सोन्याचा वर्ख चिकटवायचा, सुईनं खरवडून चित्र काढायचं (नवरा-बायको, संत, ज्यूंची सात फाट्यांची समई) आणि त्यावर काचेचा दुसरा थर तापवून बसवायचा. सोनं किती? मिठाईवरच्या वर्खाएवढं! काढून सराफाकडे नेलं तर मजुरीही सुटणार नाही. आपल्या आज्यांच्या पुतळ्या वितळल्या, हे वर्ख मात्र राहिले. भुयारी दफनभूमीत लोक अशा पेल्याचं बूड आपल्या माणसाच्या कबरीच्या गिलाव्यात बसवत.

पुढे 17व्या-18व्या शतकात हौशी मंडळींनी ती बुडं उचकटून काढली. मायकेलअँजेलोच्या घराण्यातल्या फिलिप्पो बुओनारोतीनं 1716 साली त्यांवर पुस्तकही लिहिलं. पण बहुतेक तुकडे कुठल्या कबरीवरचे, याची नोंदच नाही. व्हॅटिकनच्या संग्रहालयात काच आहे, तिचा माणूस हरवलाय.

आता आपल्या वर्ध्याचं बघा. पवनारला विनोबांना जमीन खणताना भरत-रामभेटीचं शिल्प मिळालं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण 1967 साली नागपूर विद्यापीठातर्फे देव आणि ढवळीकर यांनी तिथं थराथरानं उत्खनन केलं, ते किती जणांना ठाऊक आहे? मडक्यांचे तुकडे, मणी, नाणी! कुठली वस्तू कुठल्या थरात, हे लिहिलं म्हणून धामच्या काठी सातवाहनांच्या, वाकाटकांच्या काळात माणसं कशी राहत ते कळलं.

आणि आपण काय करतो? गढीची माती ट्रॉलीनं वाहतो. रात्री लिंबं-कुंकू घेऊन गुप्तधन शोधतो. त्यापायी अघोरी प्रकार होतात म्हणून 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात त्याचाही समावेश करावा लागला. 1878 चा निखात निधी कायदा तरी वेगळा कुठे? त्यातही कलेक्टरला कळवायची सक्ती दहा रुपयांहून जास्त किमतीच्या ठेव्यापुरतीच. म्हणजे मातीचा मणी हिशेबातच नाही!

कुणी म्हणेल, "पोटाला भाकर नाही अन् खापरं काय चाटायची?" अहो, गुप्तधनानं आजवर कुणाचं पोट भरलंय? भरलं असेल तर मांत्रिकाचं.

तेव्हा विनंती एवढीच. नांगराला खापर-मणी लागला तर फेकू नका. जागा लिहून ठेवा, फोटो काढा, जवळच्या संग्रहालयाला किंवा पुरातत्त्ववाल्यांना कळवा. उगाच खोल उकरू नका. वाद घालायचा असेल तर कॉमेंट आहेतच. मी तयार आहे.